इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : घरोघरच्या दफ्तरांचा शोध

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या जीवनकार्याची रूपरेषा सांगता येईल.
• घराण्यांची दफ्तरे इतिहासाचे आणि भाषेच्या अभ्यासाचे साधन कशी ठरतात, हे स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील जुन्या कागदांकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता येईल.

१. प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेक जण वसई, नालासोपारा, विरार किंवा पालघर परिसरात राहतात. नोकरी, घर, शेती-वाडी सांभाळून आपण हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. कामावर जाता-येता आपण रोज पाहतो की, जुनी कौलारू घरे उतरवली जात आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. घर उतरवताना माळ्यावरची भांडी, पाट, देव्हारा हे सारे जपून खाली आणले जाते. त्याच माळ्यावर कधीकधी जुन्या कापडात बांधलेले एक गाठोडे असते. त्यातील अक्षर घरात कोणालाच वाचता येत नाही. या गाठोड्याला जुन्या भाषेत ‘रुमाल’ म्हणत आणि अशा रुमालांच्या संग्रहाला ‘दफ्तर’. त्याचे पुढे काय होते, या प्रश्नाशी या घटकाचा थेट संबंध आहे.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हाच प्रश्न साऱ्या महाराष्ट्राला विचारला आणि उत्तराची वाट न पाहता तो स्वतः घरोघर हिंडू लागला. राजवाडे यांचे चरित्र आपण येथे थोर पुरुषाचे गुणवर्णन म्हणून वाचणार नाही. घरातला कागद आणि देशाचा इतिहास यांचे नाते त्यांनी कसे ओळखले आणि ते ओळखताना ते कोठे चुकले, या दोन्ही अंगांनी आपण ते पाहू.

२. जडणघडण

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. बालपणीच वडिलांचे छत्र हरपले. शिक्षण पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजात त्यांनी बी. ए. पर्यंतचा अभ्यास पूर्ण केला. मात्र नेमलेल्या पुस्तकांपेक्षा स्वतः निवडलेल्या वाचनाकडे त्यांचा ओढा अधिक होता. काही काळ त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी केली. पत्नीचे अकाली निधन झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. संसार आणि नोकरी हे दोन्ही पाश सुटल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी अभ्यासाला दिले.

त्यांच्या कामाचा पहिला टप्पा भाषांतराचा होता. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक सुरू केले. जगातील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत यावेत, हा त्यामागचा हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक सुमारे तीन वर्षे चालले. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले संशोधन मराठीतच लिहायचे, असा त्यांचा निश्चय होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. त्यामुळे परदेशी विद्वानांपर्यंत त्यांचे नाव फारसे पोहोचले नाही. पण इतिहासलेखनाला लागणारी तर्कशुद्ध, टणक मराठी गद्यशैली घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

३. वाईचे कागद

राजवाडे यांच्या आधीही जुनी कागदपत्रे प्रसिद्ध करण्याचे प्रयत्न झाले होते. का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांचे ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक १८७८ मध्ये सुरू झाले होते. साताऱ्याचे द. ब. पारसनीस आणि मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे राजवाडे यांचे समकालीन. खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या दफ्तरावर आयुष्यभर काम केले.

राजवाडे या वाटेला वळले ते वाई येथे हाती आलेल्या कागदांमुळे. ते कागद पानिपतच्या युद्धाच्या काळातील मूळ पत्रव्यवहाराचे होते. त्यांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड सिद्ध झाला. त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाडे यांनी दोन गोष्टी केल्या. ग्रँट डफ या ब्रिटिश लेखकाच्या मराठ्यांच्या इतिहासातील उणिवा त्यांनी दाखवल्या. तसेच मराठी बखरींनाही त्याच कसोटीवर घासून त्यांतील कालाच्या, स्थळाच्या आणि व्यक्तींच्या चुका उघड केल्या. घटना घडत असताना लिहिलेले पत्र हे अव्वल साधन. मागाहून आठवणीने किंवा ऐकीव माहितीवरून रचलेली बखर हे दुय्यम साधन, असा हा विवेक होता. आज तो आपल्याला सहज वाटतो. त्या काळी तो नवा होता. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड प्रसिद्ध झाले.

४. कागद घरांमध्येच का होते?

येथे आपण क्षणभर थांबून एक प्रश्न विचारू. राज्याचा इतिहास सरकारी दफ्तरात शोधायचा सोडून राजवाडे लोकांच्या घरी का गेले?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण राजकीय आहे. मराठी राज्याचे मोठे दफ्तर, म्हणजे पेशवे दफ्तर, पुण्यातच होते. पण ते इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांना मुक्तपणे खुले नव्हते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते १९३० नंतर, म्हणजे राजवाडे यांच्या मृत्यूनंतर. या खंडांत वसईच्या मोहिमेची पत्रेही आहेत.

दुसरे कारण समाजरचनेत आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही पदे वंशपरंपरागत होती. पद घराण्याचे, म्हणून पदाचे दफ्तरही घराण्याचे. गावाचा जमाखर्च, जमिनीच्या नोंदी, सनदा, वाद सुटल्यावर मिळालेली निवाडपत्रे, पंचांसमक्ष झालेले महजर आणि वंशावळी हे सारे घरात राहत असे. राज्य गेले तरी हक्क सिद्ध करण्यासाठी कागद लागत. १८५२ च्या कायद्यानुसार इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागितले, तेव्हा या रुमालांना मोठे मोल आले. निकाल लागले आणि ते मोल ओसरले. मोडी वाचणारी पिढी विरळ होऊ लागली, तशी ही दफ्तरे वाण्याच्या पुड्यांना, वाळवीला किंवा नदीला मिळू लागली. कागदाचा कायदेशीर उपयोग संपला होता आणि ऐतिहासिक उपयोग अजून कोणाला उमगला नव्हता. नेमक्या या संधिकाळात राजवाडे दारात येऊन उभे राहिले.

५. हिंडणे, वाचणे, उतरवणे

दारात उभे राहणे सोपे नव्हते. जुन्या कागदांत कर्जाच्या नोंदी असत, भाऊबंदकीचे निकाल असत. कागद दाखवला तर हक्कावर गदा येईल, अशी धास्ती असे. कोणी कागद आहेत हेच नाकारी, कोणी पुन्हा या म्हणे. राजवाडे पुन्हा जात. त्यांनी महाराष्ट्रात आणि बाहेरही अपार प्रवास केला, त्यातील पुष्कळसा पायी. गरजा अगदी थोड्या. स्वयंपाक स्वतःच्या हाताने. स्वभाव मात्र तापट. त्यामुळे माणसे जोडली जात, तशीच तुटतही.

कागद हाती आला तरी काम संपत नसे. मोडी लिपी सलग, शब्द न तोडता लिहिलेली. खासगी पत्रांत महिना आणि तिथी असे, वर्ष पुष्कळदा नसेच. मग मजकुरातील घटना, व्यक्ती आणि वार जुळवून पत्राचे वर्ष ठरवावे लागे. वर्ष दिलेले असले तरी ते बहुधा सुहूर सनाचे असे आणि अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेले असे. आपल्या परिसरातील एक उदाहरण घेऊ. ‘तिस्सा सलासीन मया व अलफ’ असे वर्ष एखाद्या पत्रात आढळले, तर तिस्सा म्हणजे नऊ, सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार; एकूण ११३९. यात ५९९ मिळवले की इ. स. १७३८ येते. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्यामुळे ते १७३९ च्या मे महिन्यापर्यंत चालते. त्याच मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. चार अनोळखी शब्द उलगडले की पत्र आपल्या गावाच्या इतिहासात आपली जागा घेते.

राजवाडे यांच्या तिसऱ्या खंडात धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी संबंधित पत्रव्यवहार आहे. पेशवे घराण्याचे हे गुरू. कोकणातील घडामोडींची वार्ता त्यांच्याकडे जात असे. वसईचा इतिहास असा साताऱ्याजवळच्या एका मठाच्या कागदांत सापडतो. एका गावाचा इतिहास त्याच गावात असेल असे नाही, हा धडा स्थानिक इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावा.

६. संस्थेची उभारणी

एकट्या माणसाच्या हिंडण्याला मर्यादा असतात, हे राजवाडे यांना कळत होते. जमवलेले कागद ठेवायचे कोठे आणि आपल्यामागे ते पाहणार कोण? या विचारातून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. आज या मंडळाच्या संग्रहात लाखो कागद आणि हजारो हस्तलिखिते आहेत. पुढे मतभेद झाले आणि राजवाडे स्वतः उभारलेल्या मंडळापासून दूर गेले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मुख्यतः धुळे येथे काढली.

७. कागदातून भाषेकडे

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. इतिहासासाठी जमवलेले कागद वाचता वाचता राजवाडे भाषेच्या अभ्यासाकडे वळले. वर्षवार लावलेली पत्रे म्हणजे भाषेतील बदलांची वर्षवार नोंदच होय. वेगवेगळ्या काळांतील पत्रे घेऊन त्यांनी त्यांतील फारसी शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात असे शब्द शेकडा सुमारे ८६ होते, शिवकालातील १६७७ च्या पत्रात ते सुमारे ३७ वर आले आणि १७२८ च्या पत्रात अगदी थोडे उरले. नमुना लहान होता. एवढ्यावरून साऱ्या मराठीविषयी निष्कर्ष काढणे आजचा भाषावैज्ञानिक टाळील. परंतु भाषेविषयीचे विधान मोजून करावे, हा आग्रह मराठीत त्या काळी नवीन होता.

१९०९ मध्ये त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी संपादित केली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. पुढे धातू, नामे, आडनावे आणि गावांची नावे यांच्या व्युत्पत्तीचे प्रचंड साहित्य त्यांनी जमा केले. त्यांतील कित्येक व्युत्पत्ती आज ग्राह्य धरल्या जात नाहीत; संस्कृतापर्यंत पोहोचण्याच्या ओढीने त्यांनी काही ठिकाणी ध्वनिपरिवर्तनाचे नियम ताणले. पण गावाचे नाव आणि माणसाचे आडनाव हाही एक कागदच आहे, ही त्यांची दृष्टी टिकून राहिली.

८. माहीमची बखर

१९२४ मध्ये राजवाडे यांनी ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे माहीम. पालघरजवळचे केळवे-माहीम आणि मुंबईचे माहीम ही दोन्ही गावे या कथेत गुंतलेली आहेत. बिंब राजांपासून पोर्तुगिजांच्या आगमनापर्यंतचा उत्तर कोकणचा वृत्तान्त, येथे येऊन वसलेली कुळे, त्यांची आडनावे, वृत्ती आणि गावे यांची माहिती हा या बखरीचा विषय. तिच्यातील प्रकरणे एका हातची नाहीत. सर्वांत जुना भाग केशवाचार्याने शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ मध्ये रचला आणि पुढील भाग सुमारे सव्वाशे वर्षांनी भगवान दत्त याने जोडला, असे राजवाडे यांनी प्रतिपादन केले. मालाडच्या देसल्याला देवीने दृष्टांत देऊन ‘महाराष्ट्रधर्म’ राखण्याची आज्ञा केली, असा प्रसंग तिच्यात आहे. रामदासांच्या आधी हा शब्द कोठे आढळतो, या चर्चेत ही बखर म्हणूनच महत्त्वाची ठरली.

आता एक विसंगती आपल्या ध्यानात आली असेल. ज्याने पहिल्याच खंडात बखरींच्या चुका उघड केल्या, तोच संशोधक अखेरच्या वर्षांत एका बखरीवर एवढे परिश्रम का घेतो? याचे उत्तर बखरीला विचारलेल्या प्रश्नात आहे. लढाई कोणत्या दिवशी झाली हे राजवाडे या बखरीला विचारत नाहीत. या किनाऱ्यावर कोण केव्हा येऊन राहिले, त्यांनी स्वतःला काय म्हणवले आणि सत्ता बदलत असताना सामान्य माणूस काय धरून राहिला, हे ते विचारतात. वारली, कातकरी, ठाकूर, कोळी अशा समाजांच्या वस्तीचे थर लावण्याचा प्रयत्न त्यांनी प्रस्तावनेत केला. एकच कागद एका प्रश्नाला अविश्वसनीय असतो आणि दुसऱ्या प्रश्नाला बोलका ठरतो, हे या ग्रंथातून शिकावे. बखरीच्या कालनिर्णयाविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, हेही लक्षात ठेवावे.

९. मर्यादा

राजवाडे यांच्या मर्यादा झाकून त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. जातिश्रेष्ठत्वाच्या कल्पनांपासून ते मुक्त नव्हते. जुन्या कागदांच्या आधारे कायस्थ समाजाविषयी त्यांनी केलेल्या लेखनाला प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ या पुस्तकातून तिखट उत्तर दिले. कागद खरा असला तरी तो निवडणारा आणि वाचणारा माणूस निःपक्षपाती असतोच असे नाही, हे त्या वादाने दाखवून दिले.

दुसरी मर्यादा साधनांचीच आहे. दफ्तर कोणाच्या घरी असते? ज्याच्याकडे वतन, जमीन किंवा अक्षर होते त्याच्या घरी. वसईच्या आसमंतातील वारली पाड्यावर किंवा कोळीवाड्यात रुमाल सापडण्याचा संभव कमी. येथील सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती ज्या कादोडी बोलीत घरात बोलत आले, ती बोलीही सरकारी कागदांत उतरलेली नाही. पोर्तुगिजांचा अंमल येथे १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे होता. त्या काळाची साधने पोर्तुगीज भाषेत आहेत; गोव्याच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनमध्ये ती पाहावी लागतात. ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या वंशावळीचे काम करतात. म्हणून आपल्या परिसराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने मोडी रुमालाजवळ न थांबता नोंदवही, सातबारा, विहिरीवरील लेख, लग्नगीत आणि म्हातारीची आठवण हे सारे एका पंक्तीला बसवले पाहिजे.

१०. अखेर आणि वारसा

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे निधन झाले. मागे मालमत्ता नव्हती. होते ते कागद, टिपणे आणि अपुरे कोश. ते जपण्यासाठी धुळेकरांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्यांचे कितीतरी अप्रकाशित साहित्य पुढे प्रकाशात आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचे कागद वाचवणाऱ्या माणसाचे कागद त्याच्या परिचितांनी वाचवले.

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याची दफ्तरे आता नव्याने लिहिली जात आहेत. जुन्यांपैकी किती उरतील, हे सरकारी अभिलेखागारांवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच आपल्या माळ्यांवरही. राजवाडे आता कोणाच्या दारात येणार नाहीत. त्या घरात आज आपण राहतो.

सारांश

सरकारी दफ्तर बंद असताना राजवाडे यांनी घराण्यांच्या दफ्तरांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी केली. पत्र आणि बखर यांतील फरक त्यांनी शिकवला, कागदांना भाषेच्या अभ्यासाचे साधन बनवले आणि संग्रहासाठी संस्था उभारली. त्यांचे पूर्वग्रह आणि घराण्यांच्या दफ्तरांचा एकांगीपणा लक्षात घेऊनच त्यांच्या कार्याचा उपयोग करावा लागतो.

स्वाध्याय

१. घराण्यांकडे दफ्तरे असण्याची सामाजिक कारणे आपल्या शब्दांत लिहा.
२. बखरींवर टीका करणाऱ्या राजवाडे यांनी महिकावतीची बखर का संपादित केली असावी? चर्चा करा.
३. ‘सन खमस सलासीन मया व अलफ’ या सुहूर सनाचे इसवी सनात रूपांतर करा. (खमस म्हणजे पाच.)

क्षेत्रीय कार्य

आपल्या किंवा शेजारच्या घरातील किमान पन्नास वर्षांपूर्वीचा एक कागद मिळवा. घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी अवश्य घ्या. कागद कोणत्या गाठोड्यात, कोणत्या कागदांसोबत होता याची आधी नोंद करा. रुमालातील क्रम मोडू नका. कागदावर काहीही लिहू नका, चिकटपट्टी लावू नका, त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवून घेऊ नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या आणि कागद जागच्या जागी ठेवा. कागदाविषयी घरातील ज्येष्ठ व्यक्तीला काय आठवते ते तिच्याच बोलीत उतरवून घ्या आणि दोन पृष्ठांचे टिपण तयार करून संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.